'मेर्चे, पेर दिओ!' : जुन्या इटालियन गोष्टींतली माणसं विनवणी कशी करतात?

रानजाई

नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली इटालियन शिकते आहे. गेल्या पावसाळ्यात धीर करून बोकाच्चोच्या 'देकामेरोन'मधल्या काही गोष्टी मराठीत करायला घेतल्या. (ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: १३४८च्या प्लेगनंतरच्या वर्षांत लिहिलेला शंभर गोष्टींचा संग्रह. रोगाला भिऊन फ्लोरेन्सबाहेर पडलेल्या सात तरुणी आणि तीन तरुण दहा दिवस रोज दहा गोष्टी सांगतात.) वर्णनं जमतात, थट्टा जमते, शिव्याही जमतात. कुणी कुणाची विनवणी करायला लागलं की मात्र माझं मराठी अडतं.

पहिली ठेच 'मेर्चे' या शब्दाशी लागली. मरणाच्या दारात उभी असलेली माणसं "मेर्चे, पेर दिओ!" म्हणतात. 'पेर दिओ' म्हणजे देवासाठी. 'मेर्चे'ला मी 'दया' लिहून मोकळी झाले होते. नंतर कोश उघडला, तर मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मजुरी, मोबदला. चर्चच्या भाषेत 'देव देतो ते फळ' असं होत होत तो कृपा आणि दयेपर्यंत पोचला. त्याचाच सख्खा भाऊ 'मेर्चेदे' अजूनही मजुरी या अर्थानं वापरतात. म्हणजे 'दया करा' म्हणतानाही त्या शब्दाच्या पोटात देण्याघेण्याची काहीतरी आठवण आहे. आपल्या 'दये'त ती नाही.

दुसऱ्या दिवसाच्या नवव्या गोष्टीतली झिनेव्रा बघा. जिनोव्हाच्या बेर्नाबो नावाच्या व्यापाऱ्याची बायको. नवरा परदेशात पैज लावतो की माझी बायको मला कधीच फसवणार नाही. समोरचा लबाडीनं खोटा पुरावा आणतो. नवरा नोकराला हुकूम देतो, तिला वाटेत मारून टाक. एका खोल घळीत नोकर सुरा काढतो. मी श्वास रोखून वाचत होते, वाटलं आता ही पाय धरणार. ती मेर्चे मागते, आणि लगेच म्हणते की ज्यानं तुझं कधी वाईट केलं नाही त्याचा दुसऱ्याच्या सांगण्यावरून खुनी होऊ नकोस. मी निर्दोष आहे हे देवाला ठाऊक. आणि पुढचं वाक्य: "पण ते आता राहू दे." रडणं नाही. माझे कपडे घे, तुझा अंगरखा आणि टोपडं मला दे, कपडे मालकाला दाखव, मारलं म्हणून सांग. मी अशी जाईन की तुझ्या, त्याच्या, कुणाच्याच कानावर माझं नाव येणार नाही. देवही राजी, तुझा मालकही राजी, मीही राजी.

नोकराला मुळात तिला मारायचं नव्हतंच. तिनं त्याला सुटायची वाट दिली.

माझी अडचण अशी की विनवणीचे मराठी शब्द आठवायला गेले की सगळे वाकलेले येतात. गयावया, काकुळती, लोटांगण, नाक घासणं, दाती तृण धरणं. झिनेव्राच्या तोंडी यातलं काहीच शोभत नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?

खाडीकाठ

वाचून फार आनंद झाला. जिल्हा न्यायालयात तीस वर्षं वकिली केली, आता निवृत्त. तुमची झिनेव्रा वाचताना मला उत्तम मसुदा केलेला अर्ज दिसला. सुरुवातीला निर्दोषपणाचं एकच वाक्य, पुरावा नंतर. मग 'ते राहू दे', म्हणजे गुणदोषांचा वाद आज नको. मग थेट मागणी, आणि ती मान्य केली तर कुणाचंही नुकसान नाही याची हमी. आम्ही 'सबब मे. कोर्टास नम्र विनंती की' लिहितो ना, त्या 'सबब'च्या आधी जे यायला हवं ते सगळं तिनं चार वाक्यांत आणलं आहे. नवे वकील 'अर्जदार गरीब आहे, अर्जदारास दुसरा आधार नाही' अशी पानं भरतात. न्यायाधीशाला सही कुठल्या मुद्द्यावर करायची ते सापडत नाही.

'मेर्चे'साठी 'मेहेरबानी' चालेल का? त्यात निदान वाकणं कमी आहे.

रानजाई

खाडीकाठ काका, मेहेरबानी करून पाहिलं होतं. पण ते दरबारी होतं, आणि इथे तर घळीत सुरा समोर आहे. 'सबब'ची गोष्ट मात्र लिहून ठेवली.

मिलानवासी

इटलीत अकरा वर्षं राहतो, म्हणून दोन गोष्टी भर घालतो.

'प्रिएगो' किंवा 'प्रेगो' म्हणजे मी विनवतो. जुन्या गोष्टींत "इओ ती प्रिएगो" पानोपानी आहे. आज तोच 'प्रेगो' दुकानदार दिवसातून शंभरदा म्हणतो, आणि अर्थ झाला 'या', 'घ्या', 'आभार कसले'. जुना मजकूर वाचताना हा गुळगुळीत झालेला अर्थ बाजूला ठेवावा लागतो, मला सुरुवातीला फार जड गेलं.

दुसरी गोष्ट, 'देह्'. एवढासा उद्गार, विनवणीच्या तोंडाशी येणारा. दान्ते या कवीच्या परलोकयात्रेच्या काव्यात 'पुर्गातोरिओ' म्हणजे शुद्धिलोकाचा भाग आहे, त्याच्या पाचव्या सर्गात पिआ नावाची एक मेलेली स्त्री दान्तेला भेटते. तिच्या वाट्याला जेमतेम सात ओळी आहेत आणि त्या 'देह्'नं सुरू होतात. ती म्हणते, तू जगात परत जाशील, लांबच्या वाटेचा शीण उतरेल, तेव्हा माझी आठवण ठेव. मागणं आहे फक्त आठवणीचं, आणि तेही आधी तुझी विश्रांती होऊ दे मग. आजच्या बोलीत 'देह्' जवळजवळ नाहीसा झाला आहे. रानजाई, याचं काय करता?

रानजाई

'देह्'वर दोन महिने घालवले. 'अहो' ठेवलं तर नवऱ्याला हाक मारल्यासारखं होतं. 'अरेरे' तर भलतंच. शेवटी वेगळा शब्दच ठेवत नाही, वाक्याच्या शेवटी 'की' किंवा 'ना' येऊ देते. 'आठवण ठेव ना माझी.' मराठीत लाडीगोडी आणि कळवळा वाक्याच्या शेपटाला असतो, त्यांच्याकडे तोंडाला. हे कळलं तेव्हा निम्मं काम झालं.

गोधडी

मी काही इटालियन शिकलेली नाही, सातारकडची बाई आहे, वय ६८. पण पोरी, तू म्हणतेस विनवणीचे मराठी शब्द सगळे वाकलेले, ते मला पटलं नाही म्हणून लिहिते.

१९७२च्या दुष्काळात मी चौदा-पंधरा वर्षांची. घरात ज्वारी संपली. आई मला घेऊन बाजारपेठेतल्या एका दुकानदाराकडे गेली. आधीची उधारी थकलेली. मला वाटलं ही आता पदर पसरणार. आई उभी राहिली ती ताठच. म्हणाली, "आमचं मामंजी सांगायचं, ह्या दारातनं माणूस रिकाम्या हातानं गेलेलं त्यांनी बघितलं न्हाई." बस्स. 'द्या' म्हणून शब्दसुद्धा उच्चारला नाही. तो माणूस बराच वेळ तराजूकडे बघत राहिला आणि मग पायली मोजली.

आई काही वाकली नव्हती. त्यालाच तिनं उंच करून ठेवलं, खाली उतरायला जागा ठेवली नाही. आमच्या बायका 'तुमच्या लेकराबाळांचं कल्याण होईल' म्हणतात तेसुद्धा मागण्याच्या आधी देणंच असतं.

मिलानवासी

गोधडी आजी, तुम्ही लिहिलेलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं दान्तेच्या काळच्या भाषेत आहे! त्या इटालियनमध्ये मागण्याआधी 'से' लावून शुभेच्छा देण्याची रीत होती. 'से' म्हणजे एरवी 'जर', पण इथे 'तुझं असं असं भलं होवो, तर मला सांग'. त्याच काव्यातल्या 'इन्फेर्नो'च्या, म्हणजे नरकाच्या भागाच्या, दहाव्या सर्गात फारिनाता हा मानी पुढारी जळत्या थडग्यातून उभा राहतो. नरकाला तुच्छ लेखणारा माणूस. तोसुद्धा दान्तेला काही विचारायचं म्हणून आधी आशीर्वाद देतो: तू त्या गोड जगात परत पोचावंस, तर मला सांग की तुझे लोक माझ्या माणसांवर एवढे कठोर का? तुमच्या 'लेकराबाळांचं कल्याण'चा हा भाऊच.

रानजाई

आजी, तुमचा प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचला. कारण मी ज्या गोष्टीपाशी महिनाभर थांबले आहे, तिथे हेच घडतं.

पाचव्या दिवसाची नववी गोष्ट. फेदेरिगो देल्यी अल्बेरिगी हा फ्लोरेन्सचा तरुण मोन्ना जोव्हान्ना या विवाहितेवर जीव लावून बसतो. तिच्यासाठी मेजवान्या, खेळ, भेटी, सगळा पैसा उधळतो. ती ढळत नाही. शेवटी त्याच्याकडे काम्पी गावची छोटीशी शेती आणि एक ससाणा उरतो. तो ससाणा म्हणजे जगातल्या उत्तमांतला एक. पुढे जोव्हान्ना विधवा होते, तिचा मुलगा आजारी पडतो आणि म्हणतो, आई, मला फेदेरिगोचा ससाणा मिळाला तर मी बरा होईन. ती एका बाईला सोबत घेऊन त्याच्याकडे जेवायला येते. घरात वाढण्याजोगं काही नाही. तो ससाण्याची मान मुरगळतो, भाजून तिच्या पानात वाढतो. तिला काहीच ठाऊक नाही. जेवण झाल्यावर ती मागणं मांडते.

या मागण्यात ती आधी सगळं अवघड स्वतःच बोलून टाकते. माझं शील तुला क्रूरपणा वाटलं असेल. मी काय मागायला आले ते ऐकून माझ्या धिटाईचं नवल वाटेल. तुला मूल असतं तर तू मला थोडं तरी समजून घेतलं असतंस. तुला नाही, पण मला एक आहे, आणि इतर आयांना जो कायदा लागू तो मलाही चुकत नाही. मग येतं ते वाक्य: तुझं माझ्यावर प्रेम आहे म्हणून मागत नाही, त्यानं तू कशालाच बांधलेला नाहीस. तुझ्या 'नोबिल्ता'साठी, म्हणजे उमदेपणासाठी, मागते.

आजींच्या आईनं दुकानदारापुढे हेच केलं. प्रेमाची उधारी वसूल करण्याचा मोह जोव्हान्नाला पडला असता, तो हत्यार म्हणून हाताशी होताच. तिनं तो आपल्या हातानं बाजूला सारला. मला ही सगळ्या 'देकामेरोन'मधली सर्वांत सुंदर विनवणी वाटते, आणि ती ऐकेपर्यंत ससाणा संपलेला असतो.

आता अडचण. ती त्याला 'तू' म्हणते. तो तिला 'मादोन्ना' (बाईसाहेब) आणि 'तुम्ही' म्हणतो. मागणारी 'तू' म्हणते आणि देणारा 'तुम्ही'. मराठीत परक्या पुरुषाला विधवेनं 'तू' म्हटलं की वाचकाला एकतर सलगी वाटेल नाहीतर उद्धटपणा. काय करू?

एकतारी

धागा छान चालला आहे, पण सगळं गोड होत चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडतो. विनवणी कितीही घोटीव असली तरी ऐकणाऱ्यानं ठरवलं असेल तर तिचा उपयोग शून्य. आठव्या दिवसाची सातवी गोष्ट घ्या. एलेना नावाची विधवा रिनिएरी या पॅरिसहून शिकून आलेल्या विद्वानाला नाताळाच्या सुमारास रात्रभर अंगणात बर्फात उभा ठेवते. दाराआडून तो विनवतो, निदान बर्फातून आत घे. ती आत प्रियकरासोबत हसत असते. पुढे भर जुलैत तो तिला फसवून एका बुरुजाच्या माथ्यावर नग्नावस्थेत अडकवतो आणि शिडी काढून घेतो. मग ती विनवते. काय नाही त्या विनवणीत? तुझा सूड पुरा झाला, तुझ्या इभ्रतीसाठी तरी, गरुडानं कबुतराला जिंकण्यात कसली कीर्ती, देवासाठी. गोधडी आजींची 'त्याला उंच करून ठेवण्याची' युक्ती इथे पूर्ण आहे: तू गरुड, मी कबुतर. तो ऐकतो, थोडा हलतोही, आणि नकार देतो. शेवटी ती घोटभर पाणी मागते. तेही नाही. दिवसभर ऊन, माश्या आणि तहान.

आणि शेवटच्या दिवसाची ग्रिझेल्दा? सालुत्सोचा सरदार ग्वाल्तिएरी शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न करतो, मग परीक्षा म्हणून तिची मुलं काढून घेतो, मारली असं भासवतो, तिला घराबाहेर काढतो. ती हूं की चूं करत नाही. हे वाचून मला राग येतो. न मागणाऱ्या बाईचं कौतुक करणारे पुरुष होते, म्हणून ही गोष्ट युरोपभर गेली.

सांजवात

एकतारी, तुमचा राग पटतो, पण ग्रिझेल्दा दोनदा मागते. दोन्ही जागा पुन्हा वाचा.

एकदा घरातून हाकलताना. आलीस तशी जा, असं तो म्हणतो. आणताना त्यानं तिला सगळ्यांदेखत विवस्त्र करून नवे कपडे घातले होते, म्हणजे परत जायचं ते नागव्यानं. तेव्हा ती म्हणते, मी इथे कौमार्य घेऊन आले, ते परत नेत नाही, त्याच्या मोबदल्यात अंगावर एक सदरा नेऊ द्या. हा हिशेब आहे, रोख. पहिल्या प्रतिसादापासून रानजाई 'मेर्चे'तल्या मजुरीबद्दल बोलत आहेत, ती इथे मला दिसली.

दुसऱ्यांदा तो नवी बायको आणल्याचं नाटक करतो आणि विचारतो, कशी वाटली? ती स्तुती करते आणि मग म्हणते, मला जमेल तेवढी विनवणी करते, आधीच्या बायकोला जे डंख दिलेत ते हिला देऊ नका. ही कोवळी आहे, लाडात वाढली आहे. आधीची लहानपणापासून कष्टात होती. स्वतःसाठी तिनं तेरा वर्षांत हे मागितलं नाही. दुसरीसाठी मागताना मात्र त्यानं काय केलं ते 'डंख' या एका शब्दात त्याच्या तोंडावर सांगितलं. मला तर ही विनवणीच्या वेषातली फिर्याद वाटते.

एकतारी

ती 'डंख'वाली जागा माझ्या नजरेतून निसटली होती. रागात वाचलं की असं होतं. आभार.

मग त्याच्याच जोडीला गिस्मोंदा ठेवा (चौथा दिवस, पहिली गोष्ट). सालेर्नोचा अधिपती (प्रिन्स) तांक्रेदी, एकुलती विधवा मुलगी, तिचं एका साध्या सेवकावर, ग्विस्कार्दोवर, प्रेम. बाप जाब विचारता विचारता मार खाल्लेल्या पोरासारखा रडतो. मुलगी कोरड्या डोळ्यांनी त्याला नावानं हाक मारते, 'बाबा' म्हणत नाही, आणि सांगते: तांक्रेदी, नाकारायलाही मी तयार नाही, विनवायलाही नाही. पहिल्यानं काही साधणार नाही आणि दुसऱ्यानं साधावं अशी माझी इच्छा नाही. मरताना एकच मागते, त्याच्याजवळ पुरा. विनवणी नाकारण्याचं इतकं नितळ वाक्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

खाडीकाठ

मला दान्तेनं 'पुर्गातोरिओ'च्या दहाव्या सर्गात संगमरवरात कोरलेली म्हणून सांगितलेली त्रायान या रोमन सम्राटाची गोष्ट फार प्रिय आहे. तेराव्या शतकाच्या अखेरच्या 'नोव्हेल्लिनो' या छोट्या गोष्टींच्या संग्रहातही ती आहे. सम्राट युद्धाला निघालाय, एक विधवा त्याच्या घोड्याचा लगाम धरते. माझा मुलगा मारला गेला, न्याय दे. तो म्हणतो, मी परत येईपर्यंत थांब. ती विचारते, "आणि परत नाही आलात तर?" तो म्हणतो, माझ्या जागी जो येईल तो देईल. ती म्हणते, दुसऱ्यानं केलेलं चांगलं काम तुमच्या काय कामाचं, तुमचं तुम्ही विसरलात तर? सम्राट थांबतो आणि न्याय करून मगच पुढे जातो.

तीस वर्षांत तारखांवर तारखा घेणाऱ्या पक्षकारांच्या डोळ्यांत मी तो प्रश्न पाहिलाय. 'आणि परत नाही आलात तर?' विचारायचं धैर्य फार थोड्यांना होतं.

सांजवात

लोककथांकडेही या जरा. बाझिलेचा नापोलीच्या बोलीतला कथासंग्रह (१६३४ ते १६३६, लेखकाच्या मृत्यूनंतर छापला गेला). त्यात पेत्रोसिनेल्लाची गोष्ट आहे. गरोदर बाई राक्षसिणीच्या बागेतली पार्सली चोरते आणि पकडली जाते. तिची विनवणी अशी: हावरटपणानं नाही घेतली, डोहाळे लागले होते, आणि न खाल्ली तर बाळाच्या तोंडावर पार्सली उमटेल अशी भीती वाटली. इटालियनमध्ये 'व्होल्या' म्हणजे डोहाळाही आणि जन्मखूणही. आपल्याकडे डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते म्हणतात, त्यांच्याकडे खूण उमटते. राक्षसीण मात्र या बोलण्याला भुलत नाही आणि पोटातलं मूलच मागून घेते.

ओवी_शाळेतली

मी तिसरीच्या वर्गाला गोष्टी सांगते, म्हणून पिनोक्यो या लाकडी बाहुल्याची गोष्ट (१८८१ ते १८८३). कठपुतळ्यांचा मालक मान्जाफोको आर्लेक्किनो या कठपुतळीला आगीत टाकायला निघतो तेव्हा पिनोक्यो मालकाच्या पायाशी पडतो आणि एकाहून एक मोठी पदवी लावत जातो. दया करा, साहेब! इथे कुणी साहेब नाही. दया करा, काव्हालिएरे! इथे तेही नाही. कोम्मेंदातोरे! तेही नाही. एच्चेलेंत्सा, म्हणजे महामहिम! हे ऐकताच त्याचा चेहरा एकदम मऊ होतो. मुलं हसतात आणि मग मी पुढे वाचते: एवढं करूनही तो ऐकत नाहीच, मग पिनोक्यो ताठ उभा राहतो, टोपी फेकतो आणि म्हणतो, मला बांधा, माझ्यासाठी माझा मित्र मरणं योग्य नाही. तेव्हा तो विरघळतो. वर्ग एकदम शांत होतो.

मूळ गोष्ट पंधराव्या प्रकरणात पिनोक्योला फासावर लटकवून संपवली होती, नंतर पुढे वाढवली. तिथले त्याचे शेवटचे शब्द, "बाबा, तुम्ही इथे असता तर!" हे मला वर्गात मोठ्यानं वाचता येत नाही.

मिलानवासी

मूळ शब्द 'बाब्बो मिओ'. तोस्कानात आजही मुलं बापाला 'बाब्बो'च म्हणतात. ते वाचलं की मला पिसा शहरातल्या एका बुरुजात कोंडलेला उगोलिनो आठवतो, १२८९ मध्ये मुलानातवांसह उपाशी मेलेला. दान्तेच्या सांगण्यात मुलगा गाद्दो त्याच्या पायाशी पडून विचारतो, बाबा, मला मदत का करत नाही? आणि तिथेच मरतो. बाप काहीच बोलत नाही.

गोधडी

हे वाचून थोडा वेळ उठून गेले.

पोरी, तुझ्या 'तू'चं सांगते. आमच्याकडे मोठ्या घरच्या बाया वयानं मोठ्या माणसालाही 'तू' म्हणायच्या, आणि समोरचा 'बाईसाहेब' म्हणायचा. तुझ्या बाईचा मान तिच्याकडे आहे, गरज तिच्याकडे आहे म्हणून मान गेला नाही. 'तू'च ठेव. फक्त सुरुवातीला नाव घेऊ दे, मग वाचणाऱ्याला ती सलगी वाटणार नाही.

रानजाई

मूळातही ती नावानंच सुरुवात करते! हा मसुदा बघा:

"फेदेरिगो, तुझं माझ्यावर प्रेम आहे म्हणून मी हे मागत नाही. त्या प्रेमानं तू कशालाच बांधला गेलेला नाहीस. पण तुझ्या मनाचा मोठेपणा, जो देण्यात इतर कुणाहूनही जास्त दिसला, त्याला स्मरून मागते. तो ससाणा मला दे. या देण्यानं माझं पोर वाचलं असं मला म्हणता येईल, आणि त्याचं ऋण जन्मभर राहील."

खाडीकाठ

'स्मरून' अचूक. देवाला स्मरून शपथ घेतात, तिनं त्याच्या गुणाला स्मरून मागितलं. त्याला हात लावू नका.

गोधडी

'मोठेपणा' काढ. मोठेपणा माणसं मिरवतात. 'दानत' लिही.

रानजाई

दानत! महिनाभर हाच शब्द शोधत होते. "पण तुझी दानत, जी इतर कुणाहूनही मोठी दिसली, तिला स्मरून मागते." लावला.

आता पुढचा परिच्छेद. फेदेरिगो बोलूच शकत नाही, तिच्यासमोर रडायला लागतो, आणि तिला वाटतं, ससाणा द्यावा लागणार म्हणून रडतोय. ती 'राहू दे' म्हणायच्या बेतात असते, पण थांबते, उत्तराची वाट बघते. आज रात्री तेवढंच करणार आहे.